आनेताच्या चेहऱ्याबद्दल

मी, ग्लिगोर पास्कु, वय एक्याऐंशी, शिक्षण सात यत्ता, जिल्हा कला संग्रहालयाचा निवृत्त चौकटकार, राहणार वालेया पेरिलोर, हे सर्व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले, डोके जागेवर आहे. हे मुद्दाम नमूद करतो, कारण संग्रहालयात माझ्या डोक्याविषयी वेगळे मत आहे.

घर, विहीर आणि नासपतीची झाडे माझी मुलगी साविना हिला द्यावीत. कुंपणापलीकडे झुकलेली फांदीही आमचीच. शेजारी निस्तोर तिची फळे तीस वर्षे "वाऱ्यानं पडली" म्हणून खातो. खाऊ दे, पण वाऱ्यावर आळ घेऊ नये. बँकेत आहे ते माझ्या दफनाला आणि चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला लावावे.

काच कापायचा हिरा आणि रंधे जावयाला. तो ते गंजवणार, मला ठाऊक आहे. तरी संग्रहालयाला एक खिळाही देऊ नये. कारण पुढे लिहितो.

हे संग्रहालय एका डॉक्टरने मरताना दिलेल्या वीस निसर्गचित्रांवर सुरू झाले. ती आजही कोणी पाहत नाही. लोक येतात ते खोऱ्यातल्या चर्चमधून आणि घरांमधून गोळा केलेल्या, काचेवर रंगवलेल्या देवचित्रांसाठी. त्यांत शोकमग्न देवमातेचे चित्र सर्वांत नावाजलेले. माहितीपत्रकावर तेच, पोस्टकार्डावर तेच.

काचेचे चित्र मागून रंगवतात आणि पुढून पाहतात. मागची बाजू पुसायची नसते, हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. १९७४ साली वरिष्ठांची पाहणी होती. देवमातेच्या मागच्या फळीला कीड लागली म्हणून मी ती काढली, काच पालथी ठेवली आणि घाईघाईत धूळ पुसायला ओले फडके फिरवले. देवमातेचा चेहरा फडक्यावर आला.

सोमवारी संग्रहालय बंद असते. मी काच घरी आणली, अंड्याच्या बलकात रंग कालवले आणि बायकोला, आनेताला, समोर बसवले. ती सारखी म्हणत होती, "आटप लवकर, दूध उतू जातंय!" दूध उतू गेलेच. पाहणीला आलेले साहेब चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. पुढे तज्ज्ञांनी त्या चेहऱ्यावर "अपार, मूक दुःख" असे लिहिले. मूक! आनेता आयुष्यात कधी मूक नव्हती. पहिल्यांदा भिंतीवर पाहून म्हणाली, "डोळे माझे, पण नाक कुणाचं लावलंस रे?"

आता पाटीवर "अज्ञात चित्रकार, अठरावे शतक" असे आहे. लोक तिच्यापुढे क्रूसाची खूण करतात. मला झोप लागत नाही. तीन संचालकांना सांगून झाले. पहिला हसला. दुसरा म्हणाला, "काका, वय झालं." आताच्या ओक्तावियाबाईंनी निदान खुर्ची दिली.

"ग्लिगोरकाका, समजा, तुम्ही म्हणता ते खरं. पाटी बदलली की चित्र तळघरात जाईल. चालेल?"

"तळघरात ओल आहे, बाई. रंग सुटेल."

"मग गप्प बसा ना!"

आनेताला जाऊन अकरा वर्षे झाली. तिचा एकही धड फोटो नाही. ती त्या भिंतीवरच आहे. पण खोटे बोलून मी वर कोणाला तोंड दाखवू?

म्हणून माझी इच्छा अशी. पाटीवर खरे लिहावे: अंगरखा आणि हात अज्ञात चित्रकाराचे, चेहरा आनेता पास्कु, विणकर, हिचा; चूक ग्लिगोरची. आणि चित्र भिंतीवरच राहावे.

साविना, ते ऐकणार नाहीत. मी पंचेचाळीस वर्षे टोपी हातात घेऊन अजीजीने बोललो, तिथेच चुकलो. तू अजीजी करू नकोस आणि बोलूही नकोस. चेहरा तुझा आईचाच आहे; डोक्याला तिच्यासारखा काळा रुमाल बांध, रविवारी गर्दीच्या वेळी जा आणि चित्राशेजारी उभी राहा. लोक एकदा काचेकडे बघतील, एकदा तुझ्याकडे. पाटी बदलून भिंतीवर लागेपर्यंत हलू नकोस.

सगळे स्वतः लिहिले तर साक्षीदार लागत नाहीत, असे नोटरी म्हणतात. पण माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून दोन घेतले.

सही: ग्लिगोर पास्कु
साक्षीदार: वेरोनिका द्रुत्सा, टपालवाली
साक्षीदार: सेप्तिमिउ रुसान, निवृत्त शिक्षक (शुद्धलेखन तपासलेले नाही)

वालेया पेरिलोर, १४ नोव्हेंबर २०१९