बाबांनी सांगितलेलं आईचं दुखणं

पांढुर्णा,
१० नोव्हेंबर २०२४

ती. जयवंता आत्यास,
हिमानीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसू नको. फोनवर तुला ऐकू येत नाही, अन् मी ओरडली की बाबा ऐकतात. म्हणून तुमच्या गावाहून इथं शिकवायला येणारे गुणवंता मास्तर उद्या शाळा सुटल्यावर सौंसरला परत येतील, त्यांच्या हाती देते.

आईचं काही खरं नाही. पन्नाशीला आली, पाळी जायची वेळ, अन् हल्ली कशावरही रडते. परवा मेथीची जुडी किडकी निघाली म्हणून रडली. मी सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे ना, मला लगेच क्लिक झालं! आमच्या पुस्तकात ग्राफच आहे, वयात आल्यापासून पुढे उदासी बायांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट. मीच मागे लागून गुरुवारी तिला नागपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबाही आले.

आपल्याकडे दवाखान्यात बाई बसते अन् नवरा बोलतो, तसंच झालं. पण आत्या, बाबा काय बोलले! हिला पहाटे चार वाजता जाग येते, मग झोपच नाही. जेवण मातीसारखं लागते. पेपर हातात घेते, पण एक ओळ वाचवत नाही. आपण नसलो तरी घराचं काही अडणार नाही, असं हिला वाटते. मी पाहतच राहिली. रिटायर झाल्यापासून हेडमास्तर साहेब घरात पाहुण्यासारखे बसून राहतात, अन् बायकोकडे इतकं बारीक लक्ष!

आता टेन्शन हे, की डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांतली आई एकही खाऊन नाही राहिली. म्हणते, तुला नाही समजत. अन् बाबांनी सांगितलेलं ते शेवटचं माझ्या डोक्यातून जात नाही. मी तिला एकटी सोडतच नाही, बाथरूमबाहेरही उभी राहते. ती चिडते. तूच समजव ना तिला.

माझ्यावरच्या मायेतली थोडी सध्या आईकडे वळव.

तुझी,
हिमानी

सौंसर,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. हिमानीस,
आत्याचे अ. आशीर्वाद. वि. वि.

काय वो डॉक्टरीणबाई, माय बाथरूमात गेली तरी पहारा? लाटणं घेऊन मागे नाही लागली हे तुझं नशीब.

पण पोरी, पत्र दोनदा वाचलं, अन् तुझा हिशोब जुळत नाही. भाऊबीजेला श्रीधर अन् नलिनी, तुझे मायबाप, तीन दिवस माझ्याकडे होते. नलिनी माझ्याच खोलीत, सकाळी सहापर्यंत घोरत होती. पाटोडीची भाजी मागून मागून खाल्ली. रडली, हाव, दिवसातून चारदा रडली, अन् तोंड धुऊन हसली. रडून राहिली होती तेही श्रीधरसाठीच. म्हणे, हे बोलतच नाहीत.

पहाटे उठून ओट्यावर कोण बसलं होतं? तुझा बाप. पेपर उलगडे अन् तसाच घडी करून ठेवून देई. ताटातलं अर्धं कुत्र्याला जाई. मला वाटलं, रिटायर माणूस, नखरे करून राहिला.

हिमानी, त्यानं आपलं दुखणं नलिनीच्या नावानं सांगितलं. आमची आई गेली तेव्हा मी सोळाची, तो तेराचा. मी गळा काढून रडली, मला साऱ्यांनी जवळ घेतलं. त्याच्या हाती ट्रे दिला, पाहुण्यांना चहा वाट म्हणून. तेव्हापासून त्यानं स्वतःसाठी कोणाला काही सांगितलं नाही. तुझ्या त्या ग्राफातून असे किती जण सुटले असतील, विचार तुझ्या मॅडमले.

आईवरचा पहारा उठव, बापाजवळ बस. त्याला खोटं पाडू नको, नाही तर तो कायमचं तोंड बंद करन. डॉक्टरला आजच फोन करून खरं काय ते सांग. मी सोमवारी येते.

जीव घट्ट ठेव, अन् या म्हाताऱ्या आत्यावर राग धरू नको.

तुझी आत्या,
जयवंता

नागपूर,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहून राहिली, अक्षर चालवून घे.

तुझं पत्र आईला दाखवलं. तिला माहीतच होतं, आत्या! त्या दिवशी डॉक्टरांसमोरच तिने ओळखलं होतं. म्हणाली, तिथं तोंड उघडलं असतं तर हे उठून निघून गेले असते, पुन्हा पाय ठेवला नसता. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आजची वेळ दिली, अन् तोवर बाबांना एकटं सोडू नका म्हणाले. संत्र्याच्या फवारणीचं औषध आईने शेजारी पोचवलं. मी दोन दिवस बाबांसोबत कॅरम खेळली. ते सोंगटीकडे नुसते पाहत राहायचे.

आज बाबांनी पुन्हा आईच्याच नावाने नंबर लावला. आत गेलो. त्यांनी सुरू केलं, हिला अजूनही झोप नाही. तशी आई उठली, माझा दंड धरला अन् मला घेऊन बाहेर आली. दार पूर्ण लागलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, पेशंट तर बाहेर गेल्या, आता कसं करायचं. मग खुर्ची सरकली, मला वाटलं बाबाही उठले. पण ते हळूच म्हणाले, पेशंट इथंच बसला आहे.

आईने दार ओढून घेतलं.

चाळीस मिनिटं झाली. मला खूप भीती वाटून राहिली. बरं वाटेल का, किती महिने लागतील, पुस्तकातलं एकही वाक्य आठवत नाही. आई बाजूला बसून रडून राहिली आहे. मी तिला गप्प करत नाही.

सोमवारी पहिल्याच बसने ये. आम्हा तिघांना तू पाहिजे.

तुझी,
हिमानी