ताईला मिळालेला हिरवा रंग

३ फेब्रुवारी, मंगळवार

लहानपणी आमच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात ताप असलेल्या मुलीला सुट्टीला घरी पाठवत नसत. ताई आजारखोलीत, मी दाराशी ट्रंकेवर बसलेली. नन थर्मामीटर घेऊन येताना दिसल्या की मी खोकायचं, असं ठरलेलं. मी खोकले. ताईने गार पाण्याचा घोट तोंडात धरला आणि वेळेवर गिळला. पारा खाली! नन म्हणाल्या, "देवाची कृपा." आम्ही मुकाट्याने मान हलवली. गाडीत ताईचं डोकं माझ्या खांद्यावर तव्यासारखं तापलेलं — आणि ही हसतेय.

आज वॉर्डात ती ऑक्सिजनच्या नळीसकट तशीच हसली. फुप्फुसात पाणी, पुन्हा. हृदय थकलंय. आणखी एकदा असं झालं तर सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

ताई मला म्हणते, "तुझं तोंड का उतरलंय? पेशंट मी आहे."

५ फेब्रुवारी, गुरुवार

फोनची दुपार. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी याच हॉस्पिटलात, तळमजल्यावर लिफ्टशेजारच्या खोलीत हे काम करते. घरी गेलेल्यांपैकी कोण पुन्हा भरती होईल याचा अंदाज संगणक बांधतो — वय, आजार, आधीच्या खेपा, घरी सोबतीला कोण. लाल, पिवळा, हिरवा. लाल माणसांना मी फोन करायचा. पाय सुजलेत का, वजन वाढलंय का, आडवं झाल्यावर दम लागतो का.

शिंपीकाका आता हिरवे झाले. सांगितलं तर म्हणाले, "बाई, मला लालच राहू द्या ना. तुमच्याशिवाय माझ्या पायांची चौकशी कोण करतं?"

घरून करीन म्हटलं. नियमात बसत नाही. बसवू.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

संगणकाचं काम बघणारा तरुण डॉक्टर जिन्यात भेटला. मला मुलगा असता तर एवढाच असता. स्वारी खुशीत. "ताईंची काळजी सोडा. हिरव्या आहेत. सोमवारी घरी!"

हिरव्या? कशा काय?

"धाकटी बहीण सोबत राहते ना. म्हणजे तुम्हीच."

मी राहते गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून.

वर गेले. मला बघून ताईने डोळे मिटले, म्हणजे टक्क जागी होती.

"खोटं का सांगितलंस?"

"एकट्या बाईला लाल रंग लागला की घरी सोडत नाहीत. त्या लांबच्या शुश्रूषागृहात पाठवतात. समोरच्या कॉटवरच्या मास्तरीणबाईंना नाही का पाठवलं? मला माझ्या ओट्याशी उभं राहून माझा चहा करायचाय. बाकी काही नको."

"आणि दम लागला तर?"

"तू येशील."

"दोन बस बदलून?"

"टॅक्सी कर. चिक्कू कुठली."

हसू आलं. राग तसाच.

७ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर पुसलेलंच पुन्हा पुसत होते. खरं सांगितलं तर ताई शुश्रूषागृहात. गप्प बसले तर ती घरी एकटी, आणि हिरवी म्हणून तिला कुणाचा फोनही नाही. जीव घाबरा झाला तर भिंतीला सांगणार. माझ्याकडे ये म्हटलं होतं मागे — "तीन जिने? मला मारायचंय का?" खरंच आहे ते.

आणि मी? हे गेल्यापासून या दोन खोल्यांनीच मला सांभाळलंय. कुठली खिडकी कधी उघडायची ते माझं मी ठरवते. ताईला पंख्याचा वारा सोसत नाही, मला पंख्याशिवाय चालत नाही. रेडिओवरून तर आमचं लहानपणापासून वाजतं.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच डॉक्टरला गाठलं. सांगून टाकलं, ताई एकटी राहते. बिचाऱ्याचा चेहराच पडला.

"मग बदलावं लागेल हो. लाल होतील."

"उद्या सकाळपर्यंत थांब."

"उद्या सकाळपर्यंत काय बदलणार आहे?"

त्याच्या कॉलरचं बटण तुटायला आलं होतं. बायको शोध म्हटलं, नाहीतर सुई.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ

गडबडीत विसरायला नको. कपाट खालच्या मजल्यावरच्या टायपिस्ट मुलीला, संसार नवा आहे तिचा. फ्रिज यांच्या भाच्याला — त्याने कधी मागितला नाही, म्हणूनच. कुंड्या गच्चीवरच्या पोस्टमनना, पण तुळतुळीत पानांच्या रोपाला पाणी कमी घालायचं, हे बजावून. इंग्रजी पुस्तकं शाळेच्या लायब्ररीला. पलंग ज्याला हवा त्याने न्यावा, एक पाय हलतो हे आधीच सांगावं. चाव्या घरमालकांना, सकाळी नऊच्या आत.

यांची आरामखुर्ची कुणालाही द्यायची नाही. ती टेम्पोत माझ्या शेजारी, ताईच्या घरी.