दिनकरकाकाच्या चाकांच्या स्कीज

फरवानिया, कुवेत
शनिवार

तीर्थस्वरूप मंदाआत्यास,

प्रणिताचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं ऐकून जीव भांड्यात पडला. डोळ्यांना ताण नको, हे पत्र दोन बैठकींत वाच.

दिनकरकाकाला त्या खुळातून बाहेर काढ, असं तू फोनवर बजावलंस. धाकटा भाऊ एकसष्टीत मनगट मोडून घेतो म्हटल्यावर तुझा जीव तुटणारच. म्हणून त्याला गाठायला काल शुक्रवारी सकाळीच फिंतासच्या समुद्रकाठी गेले.

तुला ठाऊक आहे, स्कीज, म्हणजे पायांना बांधायच्या लांब पट्ट्या, घालून बर्फावर जायला तो लष्करात नर्सिंग असिस्टंट असताना शिकला. उतारावरून सुसाट घसरत येणं नव्हे. हातात दोन काठ्या घेऊन, सपाट बर्फावर पाय सरकवत कोसच्या कोस जायचं, कारण पुढच्या चौकीवर कुणीतरी आजारी असायचं. इथं इस्पितळात फिजिओथेरपी विभागात नोकरीला लागल्यावर त्याने पाहिलं, की हृदयाच्या रुग्णांना नुसतं चालायचा कंटाळा येतो. म्हणून चाकांच्या स्कीज मागवल्या. बर्फ नाही तर नाही, डांबर तर आहे! पहिल्याच दिवशी तो एका कुवेती कुटुंबाच्या चटईवर चहाच्या किटलीसकट आडवा झाला. (त्या घरातली बिल्कीसआजी हीच त्याची पहिली शिष्या.) मग पोलिसाने परवाना मागितला. असा परवाना कुठल्याच खिडकीवर मिळत नाही, हे दोघांनाही तीन आठवड्यांनी कळलं. आता दर शुक्रवारी चाळीस माणसं शिकायला येतात.

काल मी काकाला बाजूला घेऊन "आता पुरे" म्हणणार, तेवढ्यात लता आली. ही आमच्या शेजारच्या इमारतीतली नर्स. नवरा गेल्यापासून ड्युटी आणि खोली, एवढंच तिचं जग. काकाने आग्रह केला नाही, फक्त दर शुक्रवारी तिच्या दाराशी स्कीजची एक जोडी ठेवून यायचा. पाचव्या शुक्रवारी ती आली. काल ती पहिल्यांदाच एक किलोमीटर एकटी जाणार होती. अर्ध्यावर पडली आणि रस्त्यातच बसून रडू लागली. काका प्लॅस्टरचा हात सांभाळत तिच्याशेजारी बसला.

"लता, मीही एकदा दमून बर्फात असाच बसलो होतो. चौकीवर पोचलो तेव्हा उशीर झाला होता. बावीस वर्षांचा जवान होता." मग म्हणाला, "बस तू. मी आहे इथे."

आत्या, हे त्याने आपल्या घरात कधी कुणाला सांगितलंय का?

बऱ्याच वेळाने लता उठली. टोकापर्यंत गेली आणि तिथून वळून तिने हात हलवला. काका लहान पोरासारखा रडला. (नंतर म्हणाला, खारा वारा डोळ्यांत गेला.) माझं "आता पुरे" म्हणायचं राहूनच गेलं. मला माफ कर.

तुझी,
प्रणिता

ता. क. काकाचा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, महिनाअखेर संपतोय. तो कायमचा साताऱ्याला, तुझ्याकडे येतोय. फोनवर सांगायचा त्याला धीर झाला नाही. माडीवरची खोली झाडून ठेवशील?

ता. क. २ सामानात दोन जोड्या आहेत. एक त्याची. दुसरीसाठी त्याने तुझ्या पायाचं माप विचारलं. मी सांगून टाकलं.