मुठीची खूण

प्रिय कान्हू,

पत्र लिहायची सवय आपल्या दोघांनाही नव्हती. पन्नास वर्षांत तू मला एकच पोस्टकार्ड टाकलंस, तेही बैल विकायचाय म्हणून. आता तू गेल्यावर मी नातवाची वही घेऊन बसलोय. सूनबाई दोनदा डोकावून गेली, सासऱ्याचं काय बिनसलंय म्हणून. तिला काय सांगू?

काल तुझ्या पहिल्या मासिकाला तुझ्या गावी, वैशाखऱ्याला आलो होतो. पान ठेवलं, जेवणं उरकली आणि पारूवहिनी ओटीवर चक्कर येऊन बसल्या. तुझा दिलीप मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, आई सांज होईपावतर पानी पीत नाय. बाबा तहानलेलं गेलं, मी कशी पिऊ, म्हनते. ह्या चैताच्या उन्हात! तुमी सांगा तिला, तुमचा ऐकंल ती." तुझ्या फोटोपुढे पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. तो बघितला आणि मी पायात चपला सरकवल्या. गाडी पकडून घरी सापगावला परत आलो.

कान्हू, तू पाणी मागितलं नव्हतंस. हे सगळ्या जगात मला एकट्याला ठाऊक आहे, आणि मीच खोटं बोललो.

पण हे कुणाला समजावायचं तर बोटीपासून सुरुवात करावी लागते.

केवढी होती रे आपली बोट? लोकांना युद्धनौका म्हटलं की चालता-बोलता गाव वाटतो. आपली फार तर शाळेच्या इमारतीएवढी, पण पोटात तीन इंजिनं, आणि पळायला लागली की मोठी जहाजं मागे राहायची. इंजिनरूमच्या चीफला आपली नावं शेवटपर्यंत जमली नाहीत. तालुक्यावरून मी 'शापूर', तू 'मुरबाड'. भाताच्या खाचरापलीकडे पाणी न बघितलेली दोन पोरं, आणि नेमकी दोघांनाही खाली इंजिनरूममध्ये घातली.

तिथे स्वतःची शिंक स्वतःला ऐकू यायची नाही. म्हणून खुणा. पंजा उघडला की वेग वाढव. कोपरावर थाप मारली की जागा बदल. आणि मूठ मिटून अंगठा बाहेर काढायचा, मनगट वळवून अंगठा खाली आणायचा, म्हणजे इंजिन बंद कर. ही खूण आली की विचारायचं नाही, आधी बंद करायचं, मग कारण. पहिल्याच दिवशी चीफने ते आपल्या डोक्यात ठोकलं होतं. तरी मी चुकलो.

एकाहत्तरच्या लढाईत आपण काय बघितलं, असं लोक अजून विचारतात. तुझ्या गावच्या शाळेत झेंडावंदनाला तुला बोलायला उभं केलं होतं, आठवतं? पोरं कान टवकारून बसलेली, आणि तू म्हणालास, "आमी काटा बघला." एवढंच बोलून खाली बसलास. मास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण खरं तेच होतं. वर क्षेपणास्त्र डागलं तेव्हा बोट हादरली, डोक्यावरून काहीतरी गडगडत गेलं, आणि आपण दोघं तापमानाच्या काट्याकडे बघत होतो. शत्रूचं बंदर कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा आपल्याला माहीत नव्हतं.

माघारी येताना मधल्या इंजिनाचा काटा चढला. तू इंजिनापाशी, मी ते बंद करायच्या दांड्यापाशी. तू मूठ वळवलीस, अंगठा खाली. मला स्पष्ट दिसली. पण वरून पूर्ण वेगाचा हुकूम होता. मागे विमानं येतील, बाकीच्या बोटी पुढे निघून जातील, आपण एकटे राहू. मी वर बघत बसलो, हुकूम बदलतोय का म्हणून. तू पुन्हा खूण केलीस. मी अजून वरच बघत होतो. मग नळी फुटली आणि तापलेलं तेल तुझ्या डाव्या हातावर आलं. त्यानंतर मी दांडा ओढला. बाकीच्या दोन इंजिनांवर आपण घरी आलो.

चौकशी झाली तेव्हा तू काय सांगितलंस? "साहब, मैंने इशारा देर से किया." माझी चूक तू अंगावर घेतलीस, हाताला फडकं गुंडाळलेलं असताना. नंतर धक्क्यावर मला म्हणालास, "पुढल्या टायमाला मी खूण केली का बंद करायचा. वरती बघायचा नाय." मी हो म्हणालो. शपथ नाही घेतली, पण हो म्हणालो होतो.

पुढे नोकरी संपल्यावर तू भातशेतीत रमलास. लावणीच्या चिखलात तो हात गार पडतो, बरं वाटतं म्हणायचास. आपले कान इंजिनांनी खाल्ले होते, त्यामुळे सरळगावच्या बाजारात आपण चहाच्या टपरीवर बसून खुणांनीच बोलायचो. पारूवहिनी हसायच्या, "बसलं दोन भैरं! एकाला नाय ऐकू, दुसऱ्याला नाय कळू." पण त्यांना तू त्यातली एक तरी खूण शिकवायची होतीस रे. संसार त्यांच्याशी केलास आणि ही भाषा माझ्यासाठी राखून ठेवलीस. ह्या एका गोष्टीचा मला तुझा राग आहे. तुला सोडून दुसऱ्या कुणावर काढू?

मग अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, तुला कल्याणच्या दवाखान्यात ठेवलं. मी आलो तेव्हा नाकात नळी, हातात सुई, छातीवर तारा. गिळता येत नाही, पाणी छातीत जाईल, तोंडाला थेंबही लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तू माझ्याकडे बघितलंस. तेल पडलेला तोच डावा हात हनुवटीपाशी आणलास, मूठ मिटलीस आणि मनगट वळवलंस. आडव्या पडलेल्या माणसाचा अंगठा तोंडाकडेच जाणार. पारूवहिनी धावत पुढे आल्या. "भावजी, पानी मागतान का हो?"

तू परत वळवलीस मूठ. तिसऱ्यांदाही. डोळे माझ्यावरून हलवले नाहीस.

आणि मी म्हणालो, "हो वहिनी. पाणीच मागतोय."

काय करणार होतो? दिलीप समोर उभा, तुझी सून रडतेय, आणि मी म्हणू की हा म्हणतोय सगळं बंद करा? घरी न्या म्हणत होतास की आता पुरे म्हणत होतास, तेही मला नक्की माहीत नाही. तू परत सरळगावला भेटशील अशी वेडी आशा होती. मी पुन्हा वर बघत बसलो, डॉक्टरांकडे, देवाकडे, कुणाकडेही. तू डोळे मिटून घेतलेस. दुसऱ्या दिवशी गेलास, त्याच नळ्यांमध्ये.

वहिनींनी तुला पाणी दिलं नाही, कारण डॉक्टरांनी देऊ दिलं नाही. आता त्या त्याची शिक्षा स्वतःला देतायत. आणि ती शिक्षा खरी माझी आहे. तू माझ्यासाठी खोटं बोललास त्यात तुझी बढती लांबली. मी खोटं बोललो त्यात तुझी बायको तहानेने मरायला बसलीय. आपल्या दोघांच्या खोट्यात केवढा फरक, बघ.

तिथे तू कुणाशी बोलतोस? तुझ्या खुणा कुणाला कळतात? मला इथे कुणाच्या कळत नाहीत. बायको आहे, ती मोठ्याने ओरडून बोलते, बिचारी. पण इंजिनाचा आवाज अजून कानात आहे आणि त्यात समोर तू नाहीस. फार एकटं वाटतं.

आता एक ऐक. उद्या सकाळची पहिली गाडी धरतो, किन्हवलीवरून सरळगाव, तिथून माळशेजकडची. वैशाखऱ्याला उतरून थेट तुझ्या ओटीवर. दिलीपलाही समोर बसवतो. वहिनींना मूठ वळवून दाखवतो, तेल सांडल्याची गोष्ट सांगतो, तुझं खोटं सांगतो आणि माझंही. मग दिलीप मला घराबाहेर काढेल, वहिनी तोंड बघणार नाहीत, चालेल. पण फोटोपुढचा तांब्या उचलून त्यांच्या हातात देईन आणि त्या पिईपर्यंत तिथून हलणार नाही.

या खेपेला वर बघणार नाही.

तुझा,
शापूर