बिदाई कोण वाजवणार

८ नोव्हेंबर, पुसद

लिहायचं टाळत होतो. वही काढायची, पेन उघडायचा, अन् मग आठवायचं की गाडीत हवा कमी आहे. हवा भरायला निघायचो तो संध्याकाळीच परत. एकदा तर त्याच हवेपायी दिग्रसपर्यंत गेलतो. रस्त्यात एक बैल टेम्पोत चढत नव्हता, चौघं ओढून राह्यले होते, तो काही ऐकेना. शेवटपर्यंत पाहत बसलो. चढला नाही.

आज लिहितो. सत्तारचाचा गेले. काल चाळिसावं झालं. तेवढे दिवस वही कोरी.

गुलमोहर बँड त्यांनीच उभा केला, त्यांच्या पत्र्याच्या पेट्यांच्या दुकानात. एरवी पेट्या ठोकायच्या, सीझनला क्लॅरनेट. मी बँडवाला नाही. एकदा त्यांनी माझ्या हातात खुळखुळा दिलता, त्याच वरातीत परत घेतला. "रहने दे बेटा, तू नाच." आम्ही मागं फिरणारे. मी, संज्या मोबाईलवाला, एसटीतले गजूभाऊ, आणखी पाचसात. गुलमोहर जिथं, आम्ही तिथं, आवतन असो नसो. बारावी सुटल्यापासून माझ्या आयुष्याला टाईमटेबल असं तेवढंच. कोणी विचारलं पोरगा काय करते, तर माय सांगते, "बँडच्या मांगं असते."

आता तुळशीची लग्नं झाली की वराती सुरू. अन् कोणालाच माहीत नाही, बँड आहे का संपला.

११ नोव्हेंबर

स्टँडसमोर चहा. तेच भांडण.

गजूभाऊ म्हणाले, "बुढ्यासंग बँड गेला. बोर्ड उतरवा, नमस्कार करा, घरी जा."

संज्या : "अन् बाकीच्याईनं काय करावं जी? ढोल का चुलीत घालावा?"

"दुसऱ्या नावानं वाजवा ना. कोन नाई म्हन्ते? गुलमोहर म्हनू नका."

"नावानंच तर सुपारी येते, भाऊ."

"मंग नावाचंच खा लेका. बिदाई कोन वाजवनार, ते सांग."

भज्याच्या प्लेटवर माशी फिरत होती, तिला कोणी हाकललं नाही.

सगळं येऊन अडतं ते बिदाईवर. पोरगी सासरी निघाली की चाचा बाकी वाजंत्री बंद करायचे. गाडीजवळ जाऊन उभे राहायचे, पोरीकडे पाठ करून. पाठ काहून, एकदा विचारलं होतं. म्हणाले, "रोती है तो क्या देखना?" मग एकट्यानं क्लॅरनेट. पिक्चरचं गाणं नाही. त्यांचं स्वतःचंच काहीतरी. नवरदेवाकडचे दारू पिलेले पोट्टेही चूप व्हायचे.

माझं मत : बँड चालला पाहिजे. गजूभाऊंनी विचारलं, काहून? म्हटलं, पाहिजे.

१४ नोव्हेंबर

नाझीमकडे गेलो. चाचांचा पुतण्या, बँडमधला दुसरा क्लॅरनेट. दुकान आता तोच पाहतो. पेटीचं झाकण ठोकत होता, बस म्हणाला, ठोकतच राहिला. दाढी वाढलेली. माझ्यापेक्षा थोडासाच मोठा, पण आज लय मोठा वाटला.

मुकुटबनची एक सुपारी आहे. पोरीचे वडील आनंदराव उन्हाळ्यात स्वतः येऊन चाचांना सांगून गेले. चाचांनी जबान दिली. आनंदरावांचा परवा फोन आला, "बाकी काई नाई वाजलं तरी चालते जी. माह्या पोरीले बिदाई पाहिजे."

नाझीम म्हणाला, "उनकी जबान है तो जाऊंगा. वहां बिदाई हुई तो बँड है. नहीं हुई तो वापस आके मैंच बोर्ड उतारूंगा. गजूभाऊ को बोल दे."

मी म्हटलं, वाजव ना मग. तुला येतच असेल, इतकी वर्षं बाजूला उभा होता.

हातोडी थांबली. "कहां उभा था? चाचा बिदाई सुरू करते तो हमको बोलते, चलो, सामान टेम्पो में भरो. खडे रहके रोती लडकी को मत देखो. हम ढोल उठा के चले जाते. इतने साल में मैंने पूरा एक बार भी नहीं सुना, भाई. सुने तुम लोग."

खरंच की. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. बँडवाल्यांनी ऐकलीच नाही. ऐकली आम्ही, बिनकामाच्यांनी.

"तुमारे पास रेकॉर्डिंग होंगी ना?"

होंगी काय! संज्याचा फोन भरून आहे. पळत निघालो. आज कितीतरी दिवसांनी पळालो.

१५ नोव्हेंबर

संज्याचं दुकान, शटर अर्धं खाली. सकाळपासून व्हिडिओ पाहिले. जुन्या फोनांतलेही काढले. किती लग्नं. उमरखेड, महागाव, आर्णी, दारव्हा.

एकातही चाचा धड ऐकू येत नाहीत.

सगळीकडे आम्हीच. "जवळ घे बे, जवळ घे." "नवरदेव बी रडून राह्यला पाय!" "लाईव चालू हाय का?" एकात संज्या जोरात हुंदके देऊन राह्यला, स्वतःच्याच फोनच्या तोंडाशी. एकात माझा आवाज, अगदी स्वच्छ. मी कोणाला तरी सांगतो आहे की जिलेबी संपत आली, आधी जेवून घे. अन् मागं कुठंतरी, विहिरीतून यावा तसा, क्लॅरनेट. जरा वर चढते. मग मी म्हणतो, "मठ्ठाबी हाय."

संज्या आधी हसला. मग दोघंही नाही हसलो.

एवढं जीव लावून ऐकलं म्हणतो आपण. कधी ऐकलं?

नाझीमला काय सांगायचं

१६ नोव्हेंबर

सांगितलं. तो म्हणाला, "ठीक है." हे नको होतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं.

१७ नोव्हेंबर

मग ठरलं की आठवून गुणगुणायची. ज्याला जशी आठवते तशी, नाझीम त्यावरून जुळवेल. दुकानात सगळे जमलो. संज्यानं सुरुवात केली, त्याची गाडी मध्येच आरतीवर गेली. माझी कशावर गेली देव जाणे. तिसऱ्याची हिंदी गाण्यावर. प्रत्येकाला वाटते आपलीच खरी. "असी नव्हती बे!" "तू तं जेवत होता!" हे मलाच.

नाझीम क्लॅरनेटची फुंकायची पत्ती ओली करून, ते तोंडाशी धरून बसलेला, शिकाऊ पोरासारखा. काय वाजवणार बिचारा.

बिदाई पक्की पाठ आहे ती एकाला, गजूभाऊंना. एसटीत तिकिटं फाडताना गुणगुणायचे. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, या जी. त्यांचं उत्तर आलं :

"ते शिकवायचं असतं तं बुढ्यानं शिकवलं असतं. त्याचं त्याच्यासंग जाऊ द्या."

संज्यानं लिहिलं, "भाऊ, तुमी जळून राह्यले का?" लिहायला नको होतं. गजूभाऊ ग्रुपमधून निघून गेले. ग्रुप त्यांनीच काढला होता.

१९ नोव्हेंबर, यवतमाळ

कापसाच्या गाडीवर बसून इकडं आलो. काम काही नाही. ड्रायव्हर म्हणे, चल. चाललो.

आर्णी रोडला एक वरात दिसली. दुसरा बँड, चकाचक कपडे, इलेक्ट्रिक पॅडवाला, गाडीवर स्पीकरचे मोठमोठे बॉक्स. एरवी उतरून नाचलो असतो, लग्न कोणाचं ते नंतर विचारलं असतं. आज पाय नाही उठले. ड्रायव्हर म्हणाला, "तब्येत बरी नाई काय?"

जिनिंगसमोर गाडी रिकामी होईपर्यंत बसलो. कापूस उडून केसांत. एक माणूस म्हणाला, आताच म्हातारा झाला गा! हसलो. मग उगाच विचार आला की चाचा नसतील, बँड नसेल, तर पुढच्या सीझनला मी कुठं जाणार? ही गाडी कुठं जाते ते तरी ड्रायव्हरला माहीत आहे.

म्हणजे मला बँड चालायला पाहिजे तो माझ्यासाठी. चाचांसाठी नाही. असं आहे का?

पाहू.

२१ नोव्हेंबर, पुसद

चाचींकडे गेलतो. नवरा गेल्यावरची इद्दत चालू आहे म्हणून त्या पडद्याआडून बोलल्या. मी ओसरीत, नाझीम दारात. विचारलं, चाचा घरी कधी बिदाई वाजवायचे का, तुमच्या कानावर असेल.

"बेटा, मैंने तो कभी सुनीच नहीं. हम बायका कहां बारात में आते? घर में वो बाजा पेटी में रखते थे."

आत कुकरची शिटी झाली. मग म्हणाल्या, "हमारी शबाना की शादी में भी नहीं बजाई. बोले, हाथ नहीं चलेगा. पीछे के कमरे में जाके बैठ गए. लडकी गाडी में बैठके मुड मुड के देखती रही, अब्बा किधर है. बँड उसके अब्बा का, और वो चुपचाप गई."

मला हे माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. तेव्हा आम्ही बाहेर उभे होतो अन् म्हणत होतो की आज स्वतःच्या पोरीसाठी चाचा काय वाजवतील! मग वाटलं, उशीर झाला असेल. घरी गेलो.

शबानादीदी आता आदिलाबादला असते. काल रात्री तिचा नाझीमला फोन आला होता म्हणे. तो मला जसाच्या तसा सांगत होता, खाली पाहत : "मेरे वक्त अब्बा का हाथ नहीं चला. अब दुसरे लोगों की लडकियों को तू बजाके भेजेगा, अब्बा के नाम से? बोर्ड उतार, नाझीम. मैं बेटी हूं, मैं बोल रही हूं."

"फिर?" मी विचारलं.

"फिर क्या. मुकुटबन की तारीख बता दी. हक तो उसी का है."

निघताना पडद्यामागून चाची म्हणाल्या, "बेटा, तुम लोगों को बँड होना, के चाचा होना? चाचा तो अब कोई नहीं देता."

रस्त्याभर तेच. गाडी ढकलत नेली, चालू होती तरी.

२३ नोव्हेंबर

नाझीम दुकानात एकटाच वाजवून पाहत होता. आमच्या सगळ्यांच्या चुकांतून काहीतरी जोडलेलं. चढते, खाली येते, अन् खाली येताना मोडते. पुन्हा. पुन्हा तिथंच मोडते. मी पत्र्यांच्या ढिगावर बसून ऐकत होतो. तोंड बंद ठेवून. शिकतो आहे.

रस्त्याच्या पलीकडं गजूभाऊ. ड्युटीचा ड्रेस, बगलेत तिकिटाची पेटी. कधीपासून उभे होते कोण जाणे. नाझीम पुन्हा चढला, पुन्हा उतरायला गेला.

"अबे, खाली नाई येत ते!" ओरडले तिकडूनच. मधून ट्रॅक्टर गेला. मग रस्ता ओलांडून आले, पण पायरी नाही चढले. "वर गेलं का तिथंच राह्यते. खाली येतच नाई. दम संपला का संपली बिदाई. मले वाटे बुढा दमला. दमत नव्हता."

नाझीम उठून उभा राहिला. "भाऊ, आप आओगे मुकुटबन?"

"नाई." मान फिरवली. "मी सांगतलं म्हून बँड चालू ठेवा म्हन्तलं, असं नोको समजू. माह्यं तेच हाय. बंद करा." अन् गेले. जाताना ड्रेसच्या बाहीनं डोळे पुसले, मागून दिसलं.

नाझीमनं एकदा वाजवली. वर गेला अन् तिथंच राहिला. मग क्लॅरनेट फडक्यात गुंडाळलं. म्हणाला, आता नको, तिथंच.

बरोबर आली का? मी कोणाला विचारणार.

२५ नोव्हेंबर

पहाटे टेम्पो निघणार. संज्याशी फोनवर ठरलं : उद्या रेकॉर्डिंग नाही. मी कबूल. आमच्यातले आणखी कोणीच येत नाहीत. एकाला कापूस वेचायचा आहे, एकाला वाटते गजूभाऊंचं बरोबर. माय म्हणाली, "बुढा गेला, आता कायले जातं?" डबा मात्र दिला.

२६ नोव्हेंबर, मुकुटबन

सकाळ. मांडवामागं विटांवर बसून लिहितो. सीमेवरचं गाव, इथं अर्धे लोक तेलुगू बोलतात. एक आजोबा मला नवरदेवाचा भाऊ समजून कशाबद्दल तरी रागावून गेले, मी हो हो केलं.

वरात वाजली. चांगली वाजली. पोट्टे नाचले, आम्हीही नाचलो, संज्या तर घामाघूम. पण चाचांची जागा रिकामी ठेवून चालत होते सगळे, नाझीमसुद्धा आपल्या दुसऱ्या क्लॅरनेटच्याच जागेवर. पुढं मोकळं. त्या मोकळ्या जागेत लहान पोरं येऊन नाचायला लागली तर ढोलवाल्यानं त्यांना हळूच बाजूला केलं.

आनंदराव प्रत्येकाला पाणी विचारत फिरत आहेत. चाचांचं कळलं तेव्हा ते पुसदला यायला निघाले होते म्हणे, गाडी नाही मिळाली. मला म्हणाले, "त्याईनं शब्द देल्ता. वाजवान ना जी?" मी बँडवाला नाही हे सांगितलंच नाही. म्हटलं, वाजवू जी.

दुपार. जेवणं झाली. जिलेबी होती, घेतली नाही.

पोरीला बाहेर आणलं. आई, मावश्या, सगळ्या गळ्यात पडून. गाडीचं दार उघडं. नाझीमनं हात वर केला, ढोल ताशे थांबले. ढोलवाला सवयीनं सामान उचलून टेम्पोकडं निघाला, मग थांबला, नाझीमकडं पाहिलं. नाझीम म्हणाला, "जाओ, भरो." गेले सगळे. आता तो एकटाच गाडीजवळ जाऊन उभा आहे. पत्ती ओली करून राह्यला. संज्यानं माझा दंड धरला आहे, दुसऱ्या हातानं लिहितो, अक्षर असं

जीप आली. बोरीकडून येते ती, खच्चून भरलेली. मागून एक बाई उतरली. काळा बुरखा, हातात पिशवी, चपलेला धूळ. वाटलं पाहुणी असेल. सरळ माझ्यापाशी आली. चेहऱ्यावरचं सारलं तर शबानादीदी. एकटीच. आदिलाबादहून.

नाझीमला माहीत नाही. त्याची पाठ इकडंच.

मला म्हणाली, "चालू हुई क्या?"

म्हटलं, नाही अजून. थांबवायला आली का ऐकायला, कळत नाही.

ती चालायला लागली आहे त्याच्याकडं