बाकाखालून पाहिलेली शाळा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढा वाकलो तेवढा गोड मानून घे). भावोजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना म्हणावं, मी करून दिलेल्या स्टुलावर पाय ठेवा, कुंड्या नकोत.

पत्र लिहायचं कारण आमची पटाशी. (लेकीला लाकूड तासायच्या धारदार हत्याराचं हे नाव मी नाही, तिच्या जिभेनं दिलं.) चांगल्या कॉलेजात जायचं तर शाळेची शेवटची दोन वर्षं तुमच्या गल्लीच्या टोकाच्या मोठ्या शाळेत काढावी आणि तुझ्याकडे राहावं, असं वर्गशिक्षिकेनं तिच्या डोक्यात भरवलंय. आमचा न्हावी म्हणतो, कॉलेजवाले प्रत्येक शाळेतला पहिला नंबर उचलतात. इथे पोरगी पहिली आहे, तिथे गर्दीत हरवेल. मला ते लगेच पटलं. (वस्तरा गळ्याशी असताना मला बहुतेक गोष्टी पटतात.)

तरी मन मोठं करून परवा शाळा बघायला आलोच. तिथे काय झालं ते पटाशीनं तुला सांगितलं नसेल, ती अजून तोंड लपवून आहे. मुख्याध्यापिकाबाई निकाल, प्रवेश, कुणाची मुलं कुठे लागली, सगळं नीट सांगत होत्या. पण मी बसलेलं बाक डुगडुगत होतं. सुताराला डुगडुगणाऱ्या बाकावर बसवलं की त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. मी आधी नुसता वाकलो, मग खाली शिरलो आणि खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला. बाईंनी विचारलं, काही हरवलंय का. मी खालूनच म्हटलं, तुमचा एक स्क्रू. कंबर धरली ती तिथेच. मला बाहेर ओढायला बाई आणि शिपाई दोघं लागले. पटाशी तेवढा वेळ भिंतीवरचा नकाशा असा बघत होती, जणू एकटीच आली आहे.

घरी येऊन मी निकाल दिला, की ज्यांना बाक सांभाळता येत नाही ते पोरगी काय सांभाळणार. तुझी भावजय म्हणाली, बाकं शिकवत नाहीत.  पटाशी म्हणाली, "बाबा, इथे मी पहिली येते, कारण माझ्यापुढे कुणी नाहीच. मला कुणाला तरी गाठायचंय."

 पण घरात शेवटचा शब्द बापाचा असतो, तेव्हा कळवतो की शाळा बदलायची नाही. विषय संपला.

तुझा,
धाकटा

ता.क. तुझ्या जिन्याच्या वळणाची रुंदी मोजून कळव. सहज विचारतोय.

ता.क. सहज नाही. पटाशीचं अभ्यासाचं टेबल तयार झालंय. खिडकीपाशी ठेव, उजेड डावीकडून यायला हवा. आणि तिनं उलट उत्तर दिलं तर रागावू नकोस, नंतर ती स्वतःच येऊन बसते जवळ.

ता.क. टेबल घडीचं आहे. तुझी जागा अडू नये म्हणून, असं मी घरात सांगितलंय. खरं म्हणजे घर आत्तापासूनच खायला उठलंय, आणि सुट्टी लागली की तिच्याबरोबर टेबलही परत यावं, म्हणून बिजागऱ्या लावल्यात. तिला सांगू नकोस.