बॉनेटवरची पाच बोटं

कॉव्हेंट्री, सोमवार

गिरीशदादा, असशील तिथे,

तुला जाऊन सात महिने झाले, म्हणून तुझा जुना ट्रॅक्टर रंगवायला काढलाय. नियम साधा आहे: आधी तेलकटपणा पुसायचा, मग घासायचं, नाहीतर तेल ओरखड्यांत मुरतं. मी पडले संस्कृतची मास्तरीण. आधी घर्षण केलं, मग प्रक्षालन. रंगाखालचा प्रायमर मारला, तर बॉनेटवर पाच जागी तो धरेना. दर खंडेनवमीला तू तेलात कुंकू कालवून बोटं उमटवायचास, बरोबर तिथेच. इतकं तेल, दादा? पूजा होती की मालिश?

वैजयंतीवहिनी बघायला आल्या आणि गराजच्या दारातच थांबल्या.

"यांचाच हात आहे गं. पुसून टाक, मला आत पाऊल टाकवत नाही."

मी प्रायमर खरवडून पुन्हा मारला. बोटं पुन्हा आली. तू घर सोडत नाहीस, असं वहिनींनी धरूनच ठेवलंय. दुसऱ्यांदा मी तेल मुद्दामच तसंच ठेवलं होतं, तुझी बोटं राहावीत म्हणून; हे त्यांना सांगितलेलं नाही.

आज दुपारी त्या स्वयंपाकघरात एकट्याच रडत होत्या. उद्या तेल विरघळवणारं सॉल्व्हंट लावून सगळं नीट पुसणार आहे. दादा, आता हात काढ.

तुझीच,
वरदा